छायाचित्रकाराचे हत्यार कोणाच्या मालकीचे?

कारागिराच्या हातातले हत्यार बदलले की त्याच्या धंद्याचा सगळा हिशेब बदलतो. छापखान्यात खिळे जुळवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. संगणकावर मजकूर जुळू लागला तेव्हा त्यांच्या बोटांतील वीस-वीस वर्षांचे कसब थोड्याच काळात बिनकामाचे झाले. म्हणून नवे हत्यार आले, असे ऐकले की आम्ही ते काय काम करते हे तर पाहतोच. पण ते कोणाचे आहे, हेही विचारतो.

सध्या असा बदल छायाचित्रणाच्या धंद्यात चालू आहे. फोटो दुरुस्त करण्याचे, रंग बांधण्याचे, डाग काढण्याचे जे सॉफ्टवेअर पूर्वी टेबलावरच्या संगणकावर आणि नंतर लॅपटॉपवर चालत असे, ते आता पाटीएवढ्या टॅब्लेटवर चालू लागले आहे. कार्ले, मळवली, लोणावळा या टापूत लग्ने, साखरपुडे, बारशी आणि सहली यांचे फोटो काढून पोट भरणारी बरीच तरुण मंडळी आहेत. "लॅपटॉप काढून टाकून टॅब्लेट घ्यावा काय?" हा त्यांचा प्रश्न असतो. कर्ज काढून घ्यायची वस्तू आहे, तेव्हा प्रश्न साधा नाही. त्याचा नीट उलगडा व्हावा म्हणून हा लेख.

चित्रावर यंत्राने संस्कार करण्याचे काम या मुलखाला नवे नाही. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत शिळाछापखाना काढला. प्लेगच्या दिवसांत तो तिथून हलला आणि कार्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या मळवलीला आला. पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. घरोघरी भिंतीवर लागलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या कितीतरी तसबिरी या इंद्रायणीच्या खोऱ्यातून बाहेर पडल्या. 1972 साली लागलेल्या आगीत त्या कारखान्याची मोठी हानी झाली.

शिळाछापाची रीत लक्षात घेतली म्हणजे आजचे फोटोचे सॉफ्टवेअर समजायला सोपे जाते. एका विशिष्ट जातीच्या चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र उठवीत. दगड ओला केला की पाणी कोऱ्या जागी राही आणि छपाईची शाई फक्त तेलकट जागी बसे. मात्र एका दगडावर एकच रंग. पिवळ्याचा दगड वेगळा, तांबड्याचा वेगळा, निळ्याचा वेगळा, अंगाच्या कांतीचा आणखी वेगळा. एकच कागद या सगळ्या दगडांवरून एकामागून एक जाई, तेव्हा कुठे देवीच्या चेहऱ्यावर तेज येई. मूळ चित्र पाहून कोणता रंग कोणत्या दगडावर किती घ्यायचा हे ठरविणारा कारागीर हाच त्या कारखान्याचा खरा प्राण होता. त्याचे नाव तसबिरीवर छापलेले नसे.

अमेरिकेत थॉमस आणि जॉन नोल या भावांनी लिहिलेले फोटोशॉप हे सॉफ्टवेअर 1990 साली अॅडोबी कंपनीने बाजारात आणले. त्यात 1994 साली, म्हणजे रविवर्म्यांच्या छापखान्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 'लेअर' ही सोय आली. लेअर म्हणजे थर. मूळ फोटो खाली तसाच राहतो. त्याच्यावर एका थरात उजेड वाढवायचा, दुसऱ्या थरात नवरीच्या शालूचा रंग सुधारायचा, तिसऱ्यात मागे लोंबणारी विजेची तार पुसायची. एखादा थर मनासारखा झाला नाही तर तेवढाच काढून टाकायचा. मळवलीच्या कारागिराला दगड घासून पुन्हा तयार करावा लागे. इथे बोटाच्या एका दाबाने काम होते. कल्पना मात्र एकच: चित्र थरांत फोडायचे आणि थरांतून पुन्हा जुळवायचे.

हे काम टॅब्लेटवर इतकी वर्षे का होत नव्हते? याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. आजच्या साधारण चांगल्या कॅमेऱ्याचा फोटो 24 मेगापिक्सेलचा, म्हणजे 2 कोटी 40 लक्ष ठिपक्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे लागतात, आणि बारीक काम करायचे तर प्रत्येक आकड्याला दोन बाइट जागा लागते. म्हणजे एका पूर्ण थराला 14 कोटी 40 लक्ष बाइट, अर्थात 144 मेगाबाइट. 2010 साली अॅपल कंपनीने पहिला आयपॅड विकायला काढला, तेव्हा त्याची काम करण्याची सगळी स्मृती 256 मेगाबाइट होती. असले दोन थरदेखील तीत मावले नसते. तो टॅब्लेट वर्तमानपत्र वाचायला, चित्रपट पाहायला ठीक होता. कारागिराच्या उपयोगाचा नव्हता.

पुढे पायऱ्या भराभर चढल्या गेल्या. 2014 साली अॅडोबीचे लाइटरूम आयपॅडवर आले, पण ते मुख्यत्वे संगणकावरच्या कामाची सोबत करणारे होते. 2015 साली मोठा आयपॅड प्रो आणि त्याबरोबर दाब ओळखणारी पेन्सिल आली. 2017 साली इंग्लंडातील सेरिफ कंपनीने अॅफिनिटी फोटो हे पुरे सॉफ्टवेअर आयपॅडवर आणले, आणि एकदाच किंमत घेऊन विकले. 2019 च्या नोव्हेंबरात फोटोशॉप आयपॅडवर अवतरले. संगणकावरच्या फोटोशॉपचाच हा गाभा आहे असे कंपनीने सांगितले. परंतु धंदेवाईक लोकांची निराशा झाली, कारण रोजची कितीतरी साधने त्यात नव्हती. उजेड-अंधार बांधण्याचे 'कर्व्हज' 2020 साली आले. कॅमेऱ्यातील कच्च्या, म्हणजे रॉ, फाइली हाताळण्याची सोय 2021 साली आली. त्याच वर्षी अॅपलने आपल्या लॅपटॉपमधील एम-1 ही चिप आयपॅड प्रोमध्ये बसविली आणि 8 ते 16 गिगाबाइट स्मृती दिली. ताकदीच्या दृष्टीने पाटी आणि लॅपटॉप यांतील अंतर तेव्हा जवळजवळ मिटले.

आता कामाच्या दृष्टीने पाहू. टॅब्लेटचा मोठा गुण असा की हात पुन्हा चित्रावर आला. जुन्या स्टुडिओत काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे देवीचे व्रण बुजविणारे कारागीर असत. संगणकाने त्यांचा हात उंदरावर ठेवला आणि डोळे पडद्यावर खिळविले. टॅब्लेटवर पेन्सिल टेकते तिथेच रंग उमटतो, आणि दाब कमीजास्त केला की रेघ कमीजास्त होते. दुसरा गुण वजनाचा. वऱ्हाडाच्या गर्दीत, मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात, वीज गेलेली असतानाही कार्ड लावावे, फोटो निवडावे, उजेड बांधावा आणि पाठवून द्यावे, हे टॅब्लेटवर उत्तम होते.

परंतु लग्नाचे काम तिथे संपत नाही. हजारदोन हजार फोटो नीट लावून ठेवणे, त्यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर उतरविणे, अल्बमची पाने जुळविणे, छपाईवाल्याला हवी तशी फाइल देणे, आणि पडद्यावरचा रंग कागदावरच्या रंगाशी पडताळून पाहणे, या कामांना मोठा पडदा आणि मोकळा संगणक अजूनही सोयीचा पडतो. म्हणून आमचे पहिले उत्तर असे की, टॅब्लेट हा लॅपटॉपचा मदतनीस म्हणून चांगला. ज्याचे पोट अल्बमवर आहे त्याने लॅपटॉप विकण्याची घाई करू नये.

आता मालकीकडे येऊ. 2013 साली अॅडोबीने जाहीर केले की फोटोशॉपच्या पुढच्या आवृत्त्या कायमच्या विकत मिळणार नाहीत. वर्गणी भरायची आणि वापरायचे. म्हणजे कारागिराचे हत्यार भाड्याचे झाले. भाड्यालाही काही जमेची बाजू आहे, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी एकरकमी किंमत इतकी असे की ती गरिबाला झेपत नसे, आणि चोरट्या प्रतींवर धंदा चाले. वर्गणीमुळे नव्या पोरालाही सरळ मार्गाने सुरुवात करता येते. पण पुढचा हिशेब पाहा. आपल्याकडे लग्नसराई तुळशीच्या लग्नापासून आषाढ लागेपर्यंत. चातुर्मासाचे चार महिने मुहूर्त नाहीत. कमाई आठ महिन्यांची आणि भाडे बारा महिन्यांचे. म्हणजे कमाईच्या प्रत्येक महिन्यावर दीड महिन्याचे भाडे चढते. सुताराचा रंधा पावसाळ्यात खुंटीला टांगून ठेवला तर काही मागत नाही. हे हत्यार खुंटीला टांगले तरी दरमहा पैसे मागते, आणि थकले तर त्याच्या पुऱ्या सोयी बंद होतात.

दुसरी गोष्ट तयार कामाची. टॅब्लेटवरील फोटोशॉप आपले काम कंपनीच्या दूरच्या साठ्यात, ज्याला क्लाउड म्हणतात, तिथे ठेवते. टॅब्लेट पाण्यात पडला तरी काम वाचते, ही सोय खरीच आहे. पण साठ्याची जागा पुन्हा भाड्याची. गिऱ्हाईक पाच वर्षांनी आजीचा फोटो मागायला आले आणि मधल्या काळात भाडे थांबलेले असले, तर काय? म्हणून प्रत्येक काम पुरे झाले की त्याची साधी प्रत स्वतःच्या डिस्कवर उतरविलीच पाहिजे.

एकदाच किंमत देऊन घेतलेल्या हत्याराचीही पुरी निश्चिती नसते. ते बनविणारी कंपनीच दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. 2024 साली सेरिफ कंपनी ऑस्ट्रेलियातील कॅन्व्हाने विकत घेतली. अशा वेळी पुढचे धोरण नवा धनी ठरवितो. कारागिराला कोणी विचारायला येत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची. हत्याराने वाचविलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो? पूर्वी फोटो आठ दिवसांनी मिळत, आणि गिऱ्हाईक थांबत असे. आता वरात निघण्यापूर्वी मोबाइलवर फोटो हवे असतात. स्टुडिओचा मालक होकार देतो आणि काम करतो तो नगावर मजुरी घेणारा एडिटिंगचा पोरगा. पूर्वी लॅपटॉप दुकानात राही आणि दुकान बंद झाले की काम बंद होई. टॅब्लेट त्याच्याबरोबर घरी येतो, लोकलमध्ये येतो, रात्री उशाशी येतो. काम दुप्पट झाले आणि नगाचा दर तोच राहिला, तर हत्याराने वाचविलेला वेळ त्याच्याकडून काढून दुसऱ्याला दिला गेला, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय कित्येक ठिकाणी टॅब्लेटचा हप्ता आणि सॉफ्टवेअरचे भाडेही हाच पोरगा भरतो. कापडाच्या गिरणीत मजुराने माग घरून आणावा, असे कोणी म्हटले नसते.

या मुलखातील एक उदाहरण इथे आठवण्याजोगे आहे. दादासाहेब फाळके यांनी 1906 साली सरकारी पुराणवस्तु खात्यातील नोकरी सोडून लोणावळ्याला छापखाना काढला. रविवर्मा छापखान्याचे फोटोवरून शिळेवर चित्र उतरविण्याचे काम तिथे होई. पुढे तो मुंबईला गेला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके 1909 साली जर्मनीला जाऊन आले. परंतु भांडवल भागीदाराचे होते. मतभेद झाले आणि फाळक्यांना तो धंदा सोडावा लागला. 1913 साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र प्रत्येक कारागीर फाळके नसतो. कसब हाताचे आणि हत्यार दुसऱ्याचे, या स्थितीत सामान्य माणूस बाहेर पडतो तो रिकाम्या हातानेच.

मग करावे काय? हत्यारावर रागावून काही साधत नाही. आमच्या चार सूचना आहेत. पहिली, लग्नाचा दर सांगताना सॉफ्टवेअरचे वर्षाचे भाडे आणि यंत्राची झीज त्यात धरावी. एकट्याने धरली तर काम शेजारच्याकडे जाते, म्हणून तालुक्यातील सर्वांनी मिळून धरावी. दुसरी, एडिटिंगच्या मजुराकडून हत्याराचे पैसे घेऊ नयेत, आणि तातडीच्या कामाला जादा दर असावा. तिसरी, गिंप हे फोटोचे सॉफ्टवेअर 1996 सालापासून कोणालाही फुकट आणि कायमचे वापरता येते. जुन्या लॅपटॉपवरही ते चालते. प्रत्येक शिकाऊ मुलाने तेही शिकावे, म्हणजे भाडे थकले तरी हात थांबणार नाहीत. चौथी, पाचसहा जणांनी सहकाराने एक चांगला टॅब्लेट, एक मोठा पडदा आणि प्रतींची डिस्क सामाईक घ्यावी, आणि सॉफ्टवेअरच्या वर्गण्याही ज्याच्या त्याच्या नावाने पण सामाईक निधीतून भराव्या.

आणखी एक मागणी आहे, तिला पैसा लागत नाही. अल्बमच्या शेवटच्या पानावर फोटो काढणाऱ्याबरोबर तो घडविणाऱ्याचेही नाव असावे. कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने दार केले, असे त्यात कोरलेले आहे. ज्या लेण्याला धनिकांनी आणि व्यापाऱ्यांनी दाने दिली, तिथे सुताराच्या नावालाही जागा मिळाली. आजच्या अल्बमला ती देणे काही अवघड नाही.