फोटोवर जिलेटिनचा कागद!

दोस्तांनो, दिवाळीच्या रात्री आकाशकंदिलाखाली उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीचा फोटो काढलाय कधी? कंदील झगमगीत येतो, पण तिचा चेहरा काळाकुट्ट! मग आपण कॉम्प्युटरवर उजेड वाढवतो. चेहरा दिसू लागतो खरा, पण त्यावर डाग उमटतात आणि कंदील पांढराफटक पडतो. वर 'सेव्ह' दाबून मोकळे! मूळ फोटो गेला तो गेलाच. आणि ती दिवाळी काही परत येत नाही.

असं का होतं? कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर लाखो बारीक ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा असा एकच फिल्टर. निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची. तिचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. या नोंदींवरून कॅमेरा रंग जुळवतो आणि जेपेग फाइल बनवताना प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या ठेवतो. बाकीचं चक्क टाकून देतो!

'रॉ' फाइल म्हणजे मात्र सेन्सरची कच्ची नोंद. ती १२ बिटांची असेल तर ४,०९६ पायऱ्या, १४ बिटांची असेल तर १६,३८४! अंधारात लपलेला चेहरा तिथे बराचसा शिल्लक असतो. पण एक ध्यानात ठेवा. कंदील फारच प्रखर आला, तर त्याची नक्षी रॉमध्येही सापडत नाही. म्हणून फोटो काढताना उजेड कंदिलाकडे बघून ठरवा. चेहरा नंतर उजळता येतो.

तो कसा उजळायचा? समजा, एका चित्रावर तुम्ही पिवळा जिलेटिनचा कागद ठेवलात. चित्र पिवळसर दिसेल. कागद उचललात, की चित्र जसंच्या तसं! 'ॲडजस्टमेंट लेयर' म्हणजे असाच कागद. फोटोशॉपमध्ये लेयर आले १९९४ साली आणि ॲडजस्टमेंट लेयर १९९६ साली. या लेयरला 'मास्क' जोडलेला असतो. मास्कवर पांढरं रंगवाल तिथे बदल दिसतो, काळं रंगवाल तिथे झाकला जातो. म्हणजे चेहऱ्यापुरता उजेड वाढवा, कंदिलाला धक्का नाही!

आता सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं? नावाला भुलू नका, चार प्रश्न विचारा. माझ्या कॅमेऱ्याची रॉ फाइल त्यात उघडते का? घरच्या कॉम्प्युटरवर ते नीट चालतं का? पैसे किती पडतात? आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, महिन्याभराने फाइल उघडली, तर केलेला एखादाच बदल मागे घेता येतो का?

डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही फुकट मिळतात. ती रॉ फाइलला हातच लावत नाहीत. केलेले बदल शेजारी एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतात. लेयर रचायचे असतील, तर तिथून १६ बिटांची टिफ फाइल काढा आणि क्रिटामध्ये उघडा. क्रिटाही फुकट, आणि त्यात 'फिल्टर लेयर' असतात. फोटोशॉपमध्ये दोन्ही कामं होतात, पण त्याची वर्गणी भरावी लागते. काम जपून ठेवताना नुसत्या जेपेगवर विसंबू नका बरं का! त्यात सगळे लेयर चिकटून एक होतात. क्रिटाची केआरए किंवा फोटोशॉपची पीएसडी फाइल वेगळी ठेवा.

मूळ फाइलीचा आणखी एक मोठा उपयोग आहे. 'वर्ल्ड प्रेस फोटो' या स्पर्धेत अखेरच्या टप्प्यात पोचलेल्या छायाचित्रकारांकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवतात. थोडा उजेड वाढवलेला चालतो. पण मधला विजेचा खांब पुसलात, तर फोटो बाद! रॉ फाइल म्हणजे तुमच्या खरेपणाचा साक्षीदारच.

मग आजच कॅमेऱ्याचा मेनू उघडून 'रॉ' सापडतं का बघा. बऱ्याच मोबाइलमध्येही ती सोय असते. मूळ फाइलींसाठी वेगळा फोल्डर करा, त्याची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा, आणि मग जिलेटिनचे कागद हवे तेवढे चढवा, हवे तेव्हा उतरवा!