पोरके चौकोन: दुसऱ्याचे अपुरे काम पुरे करताना

आजचा प्रश्न असा: एकाने सुरू करून सोडलेले काम दुसऱ्याने हाती घेतले, तर दुसऱ्यावर पहिल्याचे ऋण कोणते? आपण गोधडीच्या उदाहरणाने पाहू.

गोधडी म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर पसरायचे, टाचून घ्यायचे आणि धावदोरा घालत जायचा. वरचा थर कधी तुकडे जोडून केलेला असतो. चौकोन जोडून झाले आणि काम तिथेच राहिले, की ते पोरके होतात. अमेरिकेतल्या गोधड्या शिवणाऱ्या बायकाही त्यांना 'ऑर्फन ब्लॉक', म्हणजे अनाथ चौकोनच म्हणतात.

आमची आत्या गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत असे 31 चौकोन निघाले. कंटाळा आला असेल तिला, असं आम्ही म्हटलं. मग सौभाग्यवतींनी ते ओळीने जमिनीवर मांडले. सुरुवातीचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, पुढे लांब, मग तिरके. शेवटच्या चौकोनात तर खालचं कापड टाक्यात आलेलंच नाही. तेव्हा कळलं, तिचे डोळे चालले होते. तिनं सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

आता बघा. उसवून नीट शिवलं, तर तिची ती शेवटची वर्षं पुसली जातात. तसंच ठेवलं, तर पहिल्याच धुण्यात शिवण सुटते. 'तिच्या मनात काय होतं?' हा प्रश्न इथे फारसा उपयोगी नाही. अपुऱ्या कामात पुष्कळदा योजनाही अपुरीच असते. अंदाज बांधता बांधता आपण आपलीच आवड तिच्या नावावर खपवतो.

म्हणून दोषांचे दोन प्रकार करू. एक, ज्याने वस्तू वापरता येत नाही. दुसरा, जो नुसता वाकडा दिसतो. पहिला दुरुस्त करावा, दुसऱ्याला हात लावू नये. सैल टाके न उसवता आम्ही शेजारून दुसरा धावदोरा घातला. विरलेल्या चौकोनांना मागून मलमल लावली. लहानमोठे चौकोन कापून सारखे केले नाहीत, कारण कापलं की शिवणीतली माया जाते. (वेदान्त्यांनी दचकू नये, ही शिंप्याची माया आहे!) लहानांना पट्ट्या जोडून वाढवलं. रंग पक्का आहे का, हे मात्र आधीच ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहिलं.

बाणभट्टाची 'कादंबरी' अपुरी राहिली, ती त्याच्या मुलाने पुरी केली. तो आरंभीच सांगतो, की कथा अपुरी राहिल्याचं सज्जनांना दुःख आहे म्हणून हे काम घेतलं, कवित्वाच्या गर्वाने नव्हे. पूर्वभाग कुठे संपला, हे आजही वाचकाला कळतं. सांधा लपवायचा नाही आणि मिरवायचाही नाही. पुरं करणाऱ्याचं ऋण आम्हाला तरी असंच फेडता येईलसं वाटतं.

गोधडी आता नातीकडे आहे. परवा तिनं विचारलं, "आजोबा, इथे टाके दुहेरी का?" मग आत्याच्या डोळ्यांची गोष्ट सांगावी लागली. ती हयात असताना आम्ही विचारायला हवं होतं, ते नातीनं विचारलं.

आज इथेच थांबू.