ज्वारीच्या मुळाशी बसलेला चोर

मुलांनो, 'तण खाई धन' ही म्हण तुम्ही आजी-आजोबांच्या तोंडून ऐकली असेल. तण म्हणजे न पेरता पिकात उगवलेलं झाड. शेतकरी ज्वारी, भात, गहू पेरतो. पण मातीत आधीच पडून असलेलं गवताचं बी आमंत्रणाची वाट थोडीच बघतं! ओल मिळाली, की तेही उगवतं आणि पिकाच्या ताटात जेवायला बसतं. पाणी तेवढंच, खत तेवढंच, ऊन तेवढंच आणि खाणारे मात्र वाढले! मग कणीस लहान राहतं, दाणे नीट भरत नाहीत.

हे झालं उघड भांडण. पण एक तण याहून बिलंदर आहे. ते ताटातलं घेत नाही, ज्वारीच्या तोंडातलाच घास पळवतं. त्याचं नाव टारफुला. जेमतेम वीतभर उंची, अरुंद पानं, इवली पांढरी फुलं. दिसायला अगदी गरीब!

टारफुल्याचं बी धुळीच्या कणाएवढं असतं. त्यात शिदोरी इतकी थोडी, की उगवल्यावर चार-सहा दिवसांत ज्वारीचं मूळ सापडलं नाही, तर रोप मेलंच. म्हणून ते उगवायची घाई करत नाही. वाट बघत १० वर्षंसुद्धा मातीत पडून राहू शकतं. मग मूळ जवळ आलंय, हे त्याला कळतं कसं?

गंमत इथेच आहे. मातीत स्फुरद कमी असलं, की ज्वारीचं मूळ एक रसायन सोडतं. मातीतल्या मित्र-बुरशीला ती जणू हाक असते : 'ये, मला स्फुरद आणून दे, मी तुला साखर देते.' ही हाक टारफुल्याचं बी चोरून ऐकतं! ते रुजतं, ज्वारीच्या मुळाला चिकटतं आणि त्यात आपलं शोषक मूळ खुपसतं. हे रसायन शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये वेगळं काढलं. पण ती बुरशीला घातलेली हाक आहे, हे कळायला २००५ साल उजाडलं.

पुढे महिनाभर तरी टारफुला जमिनीखालीच असतो. वर शेतकऱ्याला दिसतं एवढंच, की पाऊस होऊनही ज्वारी सुकल्यासारखी, पिवळी पडलीय. टारफुला वर डोकावतो, तोवर बरंच नुकसान झालेलं असतं.

मग तो उपटून काय उपयोग? उपयोग आहे! एकेका झाडाला हजारो बिया धरतात. फुलं येण्याआधी उपटला, तर निदान पुढची पिकं वाचतात. दुसरा उपाय तर चोरालाच फसवणारा. त्या शेतात कापूस किंवा चवळी लावायची. त्यांच्या मुळांची हाक ऐकून टारफुला रुजतो; पण त्यांच्यावर त्याला जगता येत नाही. बिचारा उपाशी मरतो! आफ्रिकेतही या कुळातल्या तणांनी ज्वारीचा घास हिरावला आहे. त्यांना दाद न देणारी ज्वारी तयार करणारे इथिओपियात जन्मलेले शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा यांना २००९ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

करून पाहा

दोन कुंड्यांत सारखीच माती भरा. दोन्हींत ज्वारीचे पाच-पाच दाणे पेरा. एकीत वरून चिमूटभर मोहरी टाका. हे झालं तुमचं तण! पाणी दोन्हींना सारखंच घाला. दर रविवारी ज्वारीची उंची मोजा, पानं मोजा आणि वहीत लिहा. महिन्याने दोन्ही कुंड्या शेजारी ठेवून आईबाबांना दाखवा. भर पावसाळ्यात बायका खुरपं घेऊन तासन्‌तास शेतात का वाकलेल्या असतात, ते तुमची वहीच सांगेल.