किनाऱ्याची झीज (भाग ४) : वाडी वाचवायची की पुळण?

मागच्या आठवड्यात लाटेची ताकद पाहिली. आज ती नागावात काय करते ते पाहू.

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं, आक्षी मागे टाकली की नागाव येतं. वाळूच्या पट्ट्यावर नारळ-सुपारीच्या वाड्या, पुढे सुरूचं बन, मग पुळण. ही वस्ती काही आजची नाही; शेजारच्या आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा मानतात.

पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो. ती नाहीशी होत नाही, जरा आत पाण्याखाली बसून राहते, आणि दिवाळीनंतर शांत लाटा ती परत आणून टाकतात. पतपेढीतल्या ठेवीसारखंच हे. घोळ होतो तो परतफेडीत. नद्यांवर धरणं बांधली, खाड्यांतून वाळू उपसली, की किनाऱ्याला नवी वाळू कमी मिळते. त्यात १९०० पासून जगभरात समुद्राची पातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटरनं वाढली आहे. तेवढ्यानं काय होतं, असं वाटेल. पण सपाट पुळणीवर, अमावास्येच्या उधाणाला, पाणी त्यामुळे बरंच आत पोचतं.

सुरूचं म्हणाल, तर सावलीला उत्तम, धूप रोखायला बेताचाच. मुळं वरवरची. पायाखालची वाळू कापली गेली की ती उघडी लोंबतात, आणि झाड आडवं होताना मुळांत धरलेली वाळूही सुटते. वाळू खरी धरते ती जमिनीसरपट पसरणारी मर्यादवेल. पण गाड्या, घोडे आणि टपऱ्यांच्या गर्दीत तिला जागा कुठे?

३ जून २०२० ला निसर्ग वादळानं वाड्या झोपवल्या, तेव्हा सरकारनं नारळाच्या झाडाला २५० आणि सुपारीच्या झाडाला ५० रुपये भरपाई ठरवली. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात! तरी वादळाचा निदान पंचनामा होतो. दर पावसाळ्यात थोडी थोडी जाणारी जमीन आणि मचूळ होत जाणारी विहीर पंचनाम्यात कशी मांडायची?

म्हणून मागणी होते धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची. वाडीवाल्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. त्याच्या वईपर्यंत पाणी आलेलं असतं. पण दगडावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उकरते आणि समोरची पुळण अरुंद होते. बंधारा जिथे संपतो तिथे धूप वाढते, मग शेजारीही बंधारा मागतो. नागावात हा पेच घरातच असतो: मागे वाडी आणि पाहुण्यांच्या खोल्या, त्या भरतात पुढच्या पुळणीमुळे. बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात दगड, वाहतूक, मजुरी सगळं असतं. गेलेल्या पुळणीचा रकाना मात्र नसतो.

पुढच्या आठवड्यात : खारेपाटातले फुटलेले बांध आणि खारवलेली भातशेती.