पाकिटातून पडद्यावर: ब्रिटनमधील रुग्णांच्या नोंदींचा मागोवा

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत रुग्णाचा आजारेतिहास जीपीकडे, म्हणजे ज्यांच्या यादीत त्याचे नाव लागलेले असते त्या कुटुंब-डॉक्टरांकडे, साठत जातो. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानंतर रूढ झालेल्या आणि लॉइड जॉर्ज यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कागदी पाकिटांत तो अनेक दशके दवाखान्याच्या कपाटात राहिला, आणि त्यात काय लिहिले आहे हे पाहण्याचा कायदेशीर हक्क रुग्णाला नव्हता.

१९७० च्या दशकात एक्झिटरसारख्या ठिकाणी आणि १९८२ नंतर सरकारी अर्थसाहाय्याने इतरत्र तपासणीच्या खोलीत संगणक आला, तेव्हा रुग्णांची धास्ती दुहेरी होती: डॉक्टरांची नजर आपल्यावरून पडद्याकडे वळेल, आणि विश्वासाने सांगितलेले तिऱ्हाइताच्या हाती पडेल. पहिली धास्ती सवयीने बरीच ओसरली. दुसरीला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण कपाटातून एक पाकीट पळवता येते, तर संगणकातून हजारो नोंदींची नक्कल एकाच वेळी निघू शकते.

मात्र ज्या यंत्राची भीती वाटली त्यानेच रुग्णासाठी दार उघडले, ही बाब फारशी सांगितली जात नाही. १९८४ च्या माहिती-संरक्षण कायद्याने संगणकातील स्वतःविषयीची माहिती मागण्याचा हक्क काही अपवादांसह दिला. हस्तलिखित नोंदींसाठी तो १९९० च्या कायद्याने आला आणि नोव्हेंबर १९९१ पासूनच्या नोंदींनाच प्रामुख्याने लागू झाला.

२०१४ च्या आरंभी इंग्लंडमध्ये ‘केअर डॉट डेटा’ योजनेची पत्रके घरोघरी गेली. जीपींकडील नोंदी संशोधन व नियोजनासाठी मध्यवर्ती साठ्यात नेण्याची ही योजना रुग्णाने स्वतःहून नकार कळवला नाही तर संमती गृहीत धरणारी होती, आणि नकाराचा अर्ज पत्रकासोबत नव्हता. फेब्रुवारीत ती लांबणीवर पडली, २०१६ मध्ये गुंडाळली गेली. २०२१ मध्ये तशाच नव्या योजनेच्या वेळी दहा लाखांहून अधिक लोकांनी नकार नोंदवला. या विरोधाचा रोख संगणकावर नव्हता, न विचारता गृहीत धरण्यावर होता, आणि तो रास्त होता.

ऑक्टोबर २०२३ अखेरपर्यंत इंग्लंडमधील जीपींनी नव्या नोंदी रुग्णाला ऑनलाइन पाहण्याची सोय द्यावी, अशी तरतूद त्यांच्या करारात झाली. त्याबरोबर छळ करणाऱ्या जोडीदारासोबत राहणाऱ्या स्त्रीचा प्रश्न पुढे आला, कारण तिचा फोन बळजबरीने पाहिला जाऊ शकतो, आणि तिने डॉक्टरांना काय सांगितले हे लपवायचे तर ती नोंद पडद्यावर दिसणार नाही अशी व्यवस्था डॉक्टरांनाच आठवणीने करावी लागते.