कंठ फुटण्याचे वय

श्रोतेहो, राजगडाचा पाली दरवाजा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्या दरवाज्याच्या बाजूला, गडाच्या पायथ्याशी, पाली गाव आहे. मागे एकदा तिथे सप्ताहाच्या भजनाला बसण्याचा योग आला. भजन आटोपून मंडळी उठल्यावर शाळेतले एक गुरुजी माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "सर, तुम्ही गाण्याबद्दल बोलता, लिहिता, म्हणून विचारतो. आमच्याकडं सातवीत एक मुलगा आहे. दोन वर्षं प्रार्थना तोच सांगायचा. गावात काही कार्य असलं की अभंगाला त्यालाच उभा करायचे. दिवाळीपासून त्याचा आवाज बिघडलाय. वर गेला की चिरकतो, पोरं हसतात. आता तो तोंडच उघडत नाही. बाप म्हणतो, पोराचं गाणं गेलं. काय करावं?"

मी म्हटले, "गुरुजी, गाणं गेलेलं नाही. वय आलेलं आहे." पण एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होण्याजोगे नव्हते, आणि माझेही झाले नाही. कोवळ्या वयाच्या गायकाला कोणी, कसे सांभाळावे, हा प्रश्न एका गावाचा नाही. आपल्या महाराष्ट्रात तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या लोकांपुढे उभा राहिला होता. तीच हकिगत आज सांगतो.

परदेशांत ऑपेरा नावाचे संगीत नाटक असते. त्यात बहुधा सगळे नाटकच गाऊन करतात, आणि तेही पुष्कळदा ध्वनिक्षेपकाशिवाय, मोठ्या वाद्यवृंदाच्या वरून आवाज काढून. असा गायक तयार व्हायला वर्षे लागतात. म्हणून तिकडची मोठी नाट्यगृहे निवडक तरुण गायकांना दोन-तीन वर्षे आपल्यापाशी ठेवून घेतात. त्यांना निर्वाहापुरते वेतन मिळते. श्वास, उच्चार, परभाषा, अभिनय यांचे शिक्षण मिळते, आणि अधूनमधून लहान भूमिकाही मिळते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने असा वर्ग १९८० मध्ये सुरू केला. यामागचा विचार अगदी साधा आहे. पीक तयार होईपर्यंत शेतकऱ्याच्या घरात दाणा लागतो, तसा आवाज तयार होईपर्यंत गायकाच्या पोटाची सोय कोणीतरी करावी लागते.

आता पाहा, ही सोय आपल्याकडे नवी नाही. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि १८८२ मध्ये 'संगीत सौभद्र'. त्यांच्या मागून अनेक नाटक मंडळ्या निघाल्या. मंडळी म्हणजे एक फिरते कुटुंबच. आज मिरज, उद्या हुबळी, परवा इंदूर. जिथे मुक्काम तिथे बिऱ्हाड, तिथेच स्वयंपाक, तिथेच पंगत. त्या बिऱ्हाडात दहा-बारा वर्षांची मुले असत. कुणाच्या घरी दारिद्र्य, कुणाचे आईबाप गेलेले, कुणाला गाण्याचा नाद म्हणून घर सोडलेले. मुलाचा गळा गोड दिसला की मंडळी त्याला ठेवून घेई. दोन वेळचे जेवण, कपडालत्ता, पदांची तालीम आणि मोठ्या गायकांचा शेजार, एवढे त्याला मिळे. त्या काळी या मंडळ्यांत स्त्रिया काम करीत नसत. शकुंतला आणि सुभद्रा पुरुषांनीच व्हायचे. त्यामुळे कोवळ्या, उंच आवाजाच्या मुलाला फार किंमत होती.

पण या व्यवस्थेत एक अडचण होती. मंडळीला आज रात्रीचा खेळ पार पाडायचा असे, आणि मुलाच्या आवाजाला मात्र वर्षे हवी असत. तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा तो छातीच्या जोरावर. खेळ रात्री सुरू व्हायचा तो पुष्कळदा पहाटेपर्यंत चाले. त्यातच एखादे पद रंगले की 'वन्स मोअर'ची आरोळी येई आणि ते पुन्हा म्हणावे लागे. अशा वेळी मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला आणि त्याचा आवाज फुटू लागला, तर मंडळीने काय करायचे? आणि मुलाने तरी काय करायचे?

भास्करबुवा बखले यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८६९ चा. मुलगा असतानाच ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि त्यांचे गाणे लोकांना आवडू लागले. मंडळी इंदूरला असताना बीनकार बंदे अली खाँ यांनी ते ऐकले आणि इतका मोठा कलावंत त्या मुलाला शिकवायला तयार झाला. पण पुढे बुवांचा आवाज फुटला. ज्या आवाजासाठी मंडळीने ठेवून घेतले होते तो आवाजच राहिला नाही, आणि मंडळीतले पूर्वीचे स्थानही राहिले नाही. श्रोतेहो, त्या वयाच्या मुलाच्या मनाचा विचार करा. काल ज्याला टाळ्या मिळत होत्या, त्याला आज कोणी गा म्हणत नाही.

पुष्कळांचे गाणे इथेच संपले असेल. बुवांचे संपले नाही, कारण फुटलेला आवाज म्हणजे संपलेला आवाज नव्हे, हे त्यांना कळले, आणि नवा आवाज घडवून देणारे गुरूही मिळाले. मंडळी सोडून ते बडोद्याला फैज महंमद खाँ यांच्याकडे शिकले, पुढे नथ्थन खाँ यांच्याकडे, आणि त्यानंतर अल्लादिया खाँ यांच्याकडेही. तीन घरांची विद्या त्यांनी कष्टाने मिळवली. मंडळीच्या खेळाला न चालणारा तो मुलगा पुढे हिंदुस्थानभर नावाजलेला गवई झाला.

आणि मला मोलाची वाटते ती गोष्ट पुढेच आहे. बुवांनी रंगभूमीकडे पाठ फिरवली नाही. १९११ मध्ये त्यांनी पुण्यात गायनाची संस्था काढली. आजचा भारत गायन समाज तो हाच. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेले नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, बुवांना गुरू मानीत. १९१६ मध्ये गंधर्व मंडळीने आणलेल्या 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना चाली बुवांनीच दिल्या. आपल्या जिल्ह्यातल्या आळंदीचे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हेही लहानपणी नाटक मंडळीत भूमिका करीत. तेही पुढे बुवांचे शिष्य झाले. नाटकातल्या मुलाला गळ्याखेरीज आणखी कशाची गरज असते, हे बुवांइतके कोणाला ठाऊक असणार?

दुसरे उदाहरण केशवराव भोसल्यांचे. कोल्हापूरचा हा मुलगा अगदी लहानपणी स्वदेशहितचिंतक मंडळीत गेला आणि देवलांच्या 'शारदा' नाटकात शारदा होऊन गाजला. १९०८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आत, त्याने हुबळीस स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईला 'संयुक्त मानापमान'चा खेळ झाला. त्यात बालगंधर्व भामिनी होते आणि केशवराव धैर्यधर. म्हणजे जो गळा मुलीचे गाणे गाऊन पुढे आला, त्याच गळ्याने सेनापतीचे गाणे गाजवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवराव वारले.

गायक घडवण्याची आणखी एक वाट विष्णु दिगंबर पलुस्करांनी काढली. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. तिथे उपदेशक वर्ग होता. त्या वर्गातले विद्यार्थी गुरूपाशीच राहत आणि जेवत, आणि अनेक वर्षे शिकून मगच बाहेर पडत. इथे आज रात्रीचा खेळ नव्हता, तिकीटविक्री नव्हती. आवाज फुटला तरी मुलाचे ताट उचलले जाण्याची भीती नव्हती, कारण त्याला ठेवले होते ते शिष्य म्हणून. मिरजेचे विनायकराव पटवर्धन लहान वयात लाहोरला जाऊन अशा शिस्तीत वाढले. १९२२ मध्ये ते गंधर्व नाटक मंडळीत गेले, दहा वर्षे रंगभूमीवर गायले, आणि १९३२ मध्ये परत येऊन पुण्यात गांधर्व महाविद्यालय उघडले.

मात्र या वाटेलाही पैसा लागतोच, बरं का! मुंबईला पंडितजींनी विद्यालयाची मोठी इमारत उभी केली, पण कर्ज फिटले नाही आणि ती त्यांच्या हयातीतच हातची गेली. विद्यार्थ्यांच्या जेवणाखाण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न त्यांच्यासारख्या माणसालाही पुरता सुटला नाही.

पुढे काळ पालटला. १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी आपली नाटक मंडळी काढली, आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रिया करू लागल्या. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला. एकामागून एक मंडळ्यांची बिऱ्हाडे मोडली. शिष्याला गुरूपाशी ठेवून शिकवण्याची कल्पना मात्र मोडली नाही. कोलकात्याच्या संगीत संशोधन अकादमीत गुरू आणि शिष्य एकाच आवारात राहतात आणि शिष्यांना शिष्यवृत्ती मिळते. आपल्या महाराष्ट्रातले पंडित उल्हास कशाळकर यांनी तिथे अनेक वर्षे राहून शिष्य तयार केले.

आता वळू पालीच्या गुरुजींच्या प्रश्नाकडे. आवाज फुटतो म्हणजे नेमके होते काय? आपल्या गळ्यात स्वरयंत्र असते आणि त्यात दोन स्वरतंतू असतात. श्वास त्यांच्यामधून जाताना ते कंप पावतात आणि आवाज निघतो. साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान मुलाचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते. कंठमणी पुढे दिसू लागतो. स्वरतंतू लांब आणि जाड होतात. एकतारीची तार लांब व जाड केली तर सूर खाली येतो, तसाच हा प्रकार. मुलाचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन सुरांनीच, म्हणून सहसा ध्यानात येत नाही. तंतू वाढलेले असतात, पण त्यांना ताब्यात ठेवणारे स्नायू अजून सरावलेले नसतात. म्हणून आवाज चिरकतो. नवा बैल गाडीला जुंपला की चार दिवस वेडावाकडा चालतोच. त्याला कोणी बैल बिघडला म्हणत नाही.

हे बदल काही महिने चालतात, कधी दीड-दोन वर्षेही. तेवढ्या काळात शिक्षकांनी आणि पालकांनी चार गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली गोष्ट, मुलाला जुन्या उंच पट्टीत ओढू नये. सूर खाली घ्यावा आणि जेवढ्या सुरांत गळा सहज फिरतो तेवढ्यातच थोडा वेळ गाऊ द्यावे. दुसरी, ओरडू देऊ नये. मैदानावरची आरोळी आणि घसा ताणून म्हटलेला अभंग दोन्ही सारखेच वाईट. घसा तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला तर घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. तिसरी, गाणे थांबले तरी संगीत थांबू देऊ नये. याच दिवसांत त्याच्या हाती पखवाज द्या, पेटी द्या, टाळ द्या. ताल पक्का होईल, कान तयार होईल. मोठ्यांचे गाणे त्याला ऐकवा. रेडिओ आहेच.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हसू नये आणि हसू देऊ नये. आज लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धा होतात, त्यांची चित्रे दूरचित्रवाणीवर झळकतात, आणि गावेच्या गावे त्या मुलांचे कौतुक करतात. कौतुक जरूर करावे. पण दोन वर्षांनी त्यांतल्या एकाचा आवाज फुटला की त्याची विचारपूस करायला कोण जातो? नाटक मंडळीला निदान रोजचा खर्च भागवायचा होता. तिने मुलाकडे पाठ फिरवली तर तिच्यापाशी सबब तरी होती. शाळेला आणि गावाला तशी सबब नाही.

पालीच्या गुरुजींना मी निघताना एवढेच सांगितले की, त्या मुलाला प्रार्थनेच्या रांगेतून मागे पाठवू नका. त्याला पेटीवर बसवा, आणि शाळेपुढे त्याचा आवाज का बदलला ते एकदा सर्व मुलांना शास्त्रशुद्ध समजावून द्या. जी मुले हसतात त्यांची पाळी पुढल्या वर्षी यायचीच आहे! गुरुजी म्हणाले, "हे मात्र खरं." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि त्याच्या बापाला?"

मी म्हटले, "त्यांना भास्करबुवांची गोष्ट सांगा."