तुसाची राख आणि आम्ल-सक्रियित जिओपॉलिमर

भातगिरणीमागे साचलेल्या तुसाच्या राखेत फॉस्फोरिक आम्ल मिसळून सिमेंटविरहित विटा पाडता येतील काय? केवळ राखेपासून नाही. या राखेत प्रामुख्याने सिलिका असते आणि ती या आम्लात जवळपास विरघळत नाही. अशा जिओपॉलिमरला बळकटी येते ती ॲल्युमिनियममुळे. सुमारे ७०० अंश सेल्सिअसला भाजलेल्या केओलिन मातीतील ॲल्युमिनियम आम्लामुळे मोकळे होते व फॉस्फेटशी बंध जुळून घट्ट जाळे तयार होते. आम्ल कमी पडल्यास बांधणी अर्धवट राहते. जास्त झाल्यास उरलेले आम्ल ओलावा शोषते आणि ताकद घटते. चुन्याचे प्रमाण अधिक असलेली राख मिसळल्यास मिश्रण साच्यात भरण्यापूर्वीच आळू शकते. तुसाच्या राखेला अल्कली-सक्रियित मिश्रणच अधिक मानवते: सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तिची सिलिका विरघळून सोडियम सिलिकेट मिळते. दोन्ही रसायने त्वचा जाळणारी असल्याने हातमोजे व चष्मा अनिवार्य आहेत.